बोटभर फट

नत्थू रामटेकेच्या गॅरेजात भांडण झालं नाही, असा दिवस नागपूरच्या लकडगंजात उगवत नसे. समोरच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवाल्यांना त्याची एवढी सवय झाली होती, की दुपारपर्यंत नत्थू मिस्त्रीचा आवाज आला नाही तर ते चौकशीला माणूस पाठवत. सत्तावन्न वर्षांचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा हा माणूस ट्रकचा गिअरबॉक्स छातीवर तोलून धरायचा. पण 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द उचलायचे म्हटलं की त्याची कंबर धरायची.

त्या गुरुवारी सकाळी मात्र भांडायला खरंच काहीतरी होतं. एक चंदेरी ऑटोमॅटिक गाडी गॅरेजात ठोकळ्यांवर उभी होती. इंजिन झकास सुरू होत होतं. गिअरचा दांडा पुढच्या खुणेवर टाका, मागच्या खुणेवर टाका, चाकं मात्र जागची हलायला तयार नव्हती. नत्थूने ॲक्सिलरेटर जोरात दाबला. खालून रिकामी चक्की फिरल्यासारखी घरघर आली.

"बंद करा, बाबा!" गाडीखालून त्याची मुलगी मेघा ओरडली. "इंजिन बंद करा म्हणते ना!"

"काहून बंद करू? ऐक ना. तुह्या भावाचं काम कसं गाऊन राहिलं ते ऐक."

"तुटलेलं अजून तुटन. बंद करा!"

नत्थूने किल्ली फिरवली आणि खाली उतरून दार असं आपटलं, की मागच्या खोलीतून त्याची बायको मीराबाई डोकावून गेली. तिने दोघांकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. गेली दोन वर्षं ती या गॅरेजातल्या भांडणांत पडत नव्हती. पडून झालं होतं, उपयोग झाला नव्हता.

मेघा बाहेर आली. एकोणतीस वर्षांची, आयटीआय झालेली, केसांना रुमाल बांधलेला, कोपरापर्यंत तेल. तिने सकाळपासून एकेक गोष्ट तपासली होती. तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल बरोबर होतं. दांड्याची केबल पाहिली, धड होती. स्कॅनर लावला, तो म्हणाला आत दाब नाही. मशीनवर विश्वास नको म्हणून गिअरबॉक्सला दाबाचं घड्याळ जोडून इंजिन चालवलं. काटा शून्यावर बसला तो उठलाच नाही.

"पंप दाब देऊन नाही राहिला," ती म्हणाली. "ऑटोमॅटिकमंधी तेलाचा दाब नसला तं एकही गिअर धरत नाही. गडबड पंपाची आहे."

"मंग? पंप कोणं बनवला?" नत्थूने हात पुसत विचारलं. "मी का त्या पुणेवाल्यानं?"

पुणेवाला म्हणजे प्रशिक. नत्थूचा थोरला मुलगा. त्याचं नाव दोन वर्षांत नत्थूच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका लाकडाच्या व्यापाऱ्याची ऑटोमॅटिक गाडी याच गॅरेजात आली होती. नागपुरात तेव्हा ऑटोमॅटिकला हात लावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रशिक हट्टाने ते काम शिकून आला होता. गिअरबॉक्स त्याने उघडला, नवे भाग घालून पुन्हा बांधला, आणि गाडीला चढवायचं काम नेहमीप्रमाणे नत्थूने केलं. गाडी हललीच नाही. व्यापाऱ्याने रस्त्यावर उभं राहून तमाशा केला. वीसेक माणसं जमली. नत्थूला त्या दिवसाचं एवढंच आठवे, की लाजेने कान तापले होते, आणि अशा वेळी पोट्टा तोंड वर करून त्याला काहीतरी बोलला होता. काय बोलला ते आठवत नसे. पण बोलला होता. बापाला. त्याच वीस माणसांसमोर मग नत्थूने सांगून टाकलं होतं, "ज्याले गिअरबॉक्स बनवता येत नाही, त्यानं माह्या गॅरेजात पाय ठेवाचा नाही!" प्रशिकने संध्याकाळी पिशवी भरली आणि तो पुण्याला निघून गेला. तिथे एका कारखान्यात तो आता जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्याने बांधत होता.

या चंदेरी गाडीचा बदली गिअरबॉक्स त्याच कारखान्यातून आला होता, प्रशिकच्या हातून. मेघाने तो बापाला न विचारता मागवला होता. सोमवारी लाकडी पेटीतून गिअरबॉक्स उतरला, पेटीवर पुण्याचा पत्ता दिसला, आणि नत्थू तीन दिवस घरात जेवला ते भिंतीकडे तोंड करून.

"तुम्ही काल चढवलाच काहून?" मेघाने आता विचारलं. "मी उमरेडले बंद पडलेल्या गाडीवर गेली होती. जाताना सांगून गेली होती, संध्याकाळी येतो, दोघं मिळून चढवू. थांबता नाही आलं?"

"तू उमरेडले जाशीन अन मी काय माश्या मारत बसू? गिअरबॉक्स चढवाले मले पोट्टीची परवानगी लागते का आता?"

"हा ट्रकचा गिअरबॉक्स नाही, बाबा."

"गिअरबॉक्स म्हणजे गिअरबॉक्स."

एवढ्यात गाडीची मालकीण दारात आली. डॉक्टर चिन्मयी काळे. उमरेडला तिचा दवाखाना होता. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर तिचा डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून क्लचची गाडी तिला चालवताच येत नसे. गाडी गॅरेजात पडल्यापासून वीस दिवस ती एसटीने जात होती, ताठ पाय बसच्या मधल्या वाटेत पसरून. येणारे जाणारे त्याला अडखळत आणि वर तिलाच बोलत.

"बुधवारी देतो म्हणाला होतात," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आज गुरुवार आहे."

मेघा तोंड उघडणार तोच नत्थू पुढे झाला. "डॉक्टरबाई, आमचं काम पुरं झालं. पण मालच खराब आला. पंप आतून गेलेला. हे पाहा घड्याळ, काटा शून्यावर. पुण्याहून जसा आला तसा मी चढवला. आता त्याले मी काय करू?"

"बाबा!"

"काय बाबा? काटा खोटं बोलते का?"

डॉक्टर चिन्मयीला गिअरबॉक्समधलं काही कळत नव्हतं, पण शून्यावरचा काटा कोणालाही कळतो. तिने पावतीवरचा पुण्याचा नंबर तिथेच उभ्या उभ्या फिरवला आणि कारखान्याच्या शेठला असं काही झापलं, की आरा मशीनवर बसलेली माणसंसुद्धा ऐकायला थांबली. तुमचा माणूस खराब काम करतो, तुम्ही ते गॅरंटी देऊन विकता, मी ग्राहक मंचात जाईन. "ज्याने हा गिअरबॉक्स बांधला त्याचं नाव सांगा मला," असंही ती म्हणाली. पलीकडून नाव सांगितलं गेलं असावं, कारण तिने नत्थूच्या पाटीकडे पाहिलं, पाटीवरचं आडनाव वाचलं आणि फोन ठेवला.

"तो तुमचा कोणी लागतो का?"

"कोणी नाही," नत्थू म्हणाला.

मेघा त्याच्याकडे बघत राहिली. डॉक्टर "संध्याकाळी येते" म्हणून पाय ओढत रिक्षाकडे गेली.

एक गोष्ट नत्थूने कोणालाच सांगितली नव्हती. स्वतःलाही तो ती सांगत नव्हता. काल दुपारी गिअरबॉक्स जॅकवर उचलून त्याने इंजिनाला भिडवला, तेव्हा दोघांच्या तोंडांमध्ये बोटभर फट राहिली होती. हाताने ढकलून ती मिटेना. त्यात नत्थूला नवल वाटलं नाही. ट्रकचे गिअरबॉक्स असेच अडतात, आणि त्यावरचा नत्थूचा इलाज साऱ्या लकडगंजात नावाजलेला होता. लेथवर खास करून घेतलेले दोन लांब बोल्ट त्याच्याकडे होते. ते समोरासमोरच्या भोकांत घालायचे आणि अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असे आवळत जायचे. कितीही अडेल गिअरबॉक्स ओढत ओढत इंजिनाला येऊन चिकटे. 'हाताचं नाही ऐकत, ते बोल्टाचं ऐकते,' असं तो म्हणायचा. पस्तीस वर्षांत एकाही ट्रकवाल्याची तक्रार नव्हती. कालही फट मिटली. फक्त मिटता मिटता आतून 'कट्' असा बारीक आवाज आला होता. जागेवर बसला असेल, असं म्हणून नत्थूने चहा मागवला होता.

बाराच्या सुमारास मेघा फोन कानाला लावून मागच्या अंगणात गेली आणि परत आली ती रडवेली नव्हती, पेटलेली होती.

"दादाच्या शेठनं सांगितलं त्याले. आज साहा वाजेपर्यंत काय ते पक्कं करा. माल खराब निघाला तं उद्यापासून कामावर येऊ नको. नोकरी जाऊन राहिली त्याची, बाबा. समजून राहिलं का तुम्हाले?"

"खराब माल बनवला तं जाईनच नोकरी."

"पहिले तुम्ही घरातून काढलं, आता तिथूनही काढा. नागपूर झालं, पुणं झालं. पुढचं गाव कोणतं, तेही सांगून ठेवा त्याले!"

एवढं बोलून तिने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ऑइलच्या रिकाम्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर प्रशिक दिसला. दाढी वाढली होती, चष्मा लागला होता. नत्थूने एकदा पाहिलं आणि मान वळवून पाने पुसायला घेतले.

"जय भीम, बाबा," प्रशिक म्हणाला.

नत्थूने पाना दुसऱ्या बाजूने पुसला. "त्याले सांग मेघा, कामाचं बोलाचं असन तं बोल."

मग प्रशिकही बहिणीशीच बोलू लागला. "मेघा, त्यायले विचार, चढवाच्या आधी कन्व्हर्टर आत बसला का, ते पाहिलं होतं का?"

कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेला, मोठ्या भोपळ्याएवढा गोल लोखंडी डबा. इंजिनाची ताकद याच डब्यातून गिअरबॉक्सला मिळते. गिअरबॉक्सच्या तोंडात तो सैल बसवलेला असतो, आणि त्याच्या टोकाचे दोन कान पंपाच्या चाकातल्या दोन खाचांत जावे लागतात. तेव्हाच पंप फिरतो.

"बाबा, दादा विचारून राहिला—"

"मी काही भयरा नाही. त्याले सांग, डबा होता तसा चढवला. बसवून पाठवाचं काम बनवणाऱ्याचं असते."

"त्यायले सांग, बसवूनच पाठवला होता. पण ट्रकमंधी हादरे बसून थो बाहेर सरकते. म्हणून तं डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. मोठ्या अक्षरात. चिठ्ठी वाचली का त्यायनं?"

मेघाने बापाकडे पाहिलं. बाप पान्याकडे पाहत होता.

चिठ्ठी होती. पांढऱ्या कागदावर, वर चिकटपट्टी मारलेली. नत्थूने काल ती पाहिली होती आणि पहिलंच अक्षर बघून ओळखली होती. लहानपणी याच पोराला त्याने गॅरेजातल्या फळ्यावर गाड्यांचे नंबर लिहायला लावले होते. 'क'चा दांडा मोडलेला, 'ग' आडवा. कागद वाचायच्या आधीच त्याने ओरबाडून काढला आणि चुरगाळून तेलाच्या चिंध्यांत फेकला. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं अक्षर तरी कशाला वाचायचं?

"काय लिहिलं होतं चिठ्ठीत?" मेघाने फोनला विचारलं.

"डबा आत ढकलून फिरवत राहा, तीन वेळा खट्कन आत जाते. पट्टी लावून मोजा. मंगच चढवा. अन फट राहिली तं बोल्टानं ओढू नका." प्रशिक थांबला. "मेघा, फट राहिली होती का?"

नत्थूने पाना खाली ठेवला.

"होती," नत्थू म्हणाला. "बोटभर. त्याले सांग, नत्थू मिस्त्रीच्या हातून फट राहत नसते. ओढून मिटवली."

प्रशिकने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "उतरव, मेघा," तो हळूच म्हणाला. "पंप फुटला."

"फुटला?" नत्थू उसळला आणि पहिल्यांदाच फोनकडे वळला, पण बोलला मेघाशीच. "त्याचा माल खराब, अन नाव माह्या बोल्टाचं! चोर तो चोर, वर शिरजोर! उतरवतो. आत्ता उतरवतो. अन पंप धड निघाला ना, तं या घरात कोणी त्याचं नाव काढाचं नाही. तू नाही, तुही आई नाही. फोटो बी काढून टाकाचा भिंतीवरचा. सांग त्याले!"

"ऐकलं मी," प्रशिक म्हणाला आणि फोन बंद झाला.

उतरवायला अडीच तास लागले. चाकं काढली, ॲक्सल ओढले, वायरी सोडवल्या. या सगळ्या वेळात बापलेकीत कामाचे शब्द तेवढे झाले. चौदा नंबर दे. जॅक वर. अजून वर. मेघाचा हात घसरून बोट सोललं, तिने फुंकर घातली आणि कामाला लागली. नत्थूने पाहिलं, पण विचारलं नाही. राग माणसाला किती कोता करतो, हे पाहायचं असेल तर असं एखादं गॅरेज पाहावं.

नत्थूने तेल परातीत सोडलं. काल घातलेलं नवं कोरं लाल तेल, आणि त्यात चांदीसारखा चकचकीत कीस. त्याने परात पायाने गाडीखाली सरकवली.

गिअरबॉक्स खाली आला तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. "डॉक्टर आल्या," मेघा म्हणाली आणि हात पुसत दाराकडे गेली. नत्थू एकटाच उरला. त्याने कन्व्हर्टरचा डबा दोन्ही हातांनी धरून बाहेर खेचला.

टॉर्चची गरज नव्हती. डब्याच्या दोन्ही कानांची टोकं घासून चकाकत होती. पंपाच्या चाकाचे तीन तुकडे झाले होते. आणि त्या तुकड्यांवरच्या खाचा, ज्यांत हे कान जायला हवे होते, त्या मात्र अगदी कोऱ्या होत्या. त्यांत कान कधी गेलेच नव्हते. बाहेरच अडले होते, आणि दोन लांब बोल्टांनी त्यांना चाकाच्या तोंडावर दाबून दाबून चाक फोडलं होतं. 'कट्'चा अर्थ समोर हातात होता. पस्तीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला लोखंड वाचायला कोणी शिकवावं लागत नाही.

आता काय?

दाराशी डॉक्टरचा चढा आवाज ऐकू येत होता, मेघा तिला थोपवून धरत होती. बाकावर ग्राइंडर पडला होता. कानांवरच्या त्या चकाकत्या खुणा उडवायला दोन मिनिटंही लागली नसती. मग उरले असते नुसते तीन तुकडे, आणि ते कशाने झाले हे सांगायला कोणी आलं नसतं. पंप कच्चा होता, फुटला. झालं. नत्थूने ग्राइंडर उचलला. खोटं सांगत नाही, उचलला. अंगठा बटणावर ठेवला.

आणि नेमकी त्याच वेळी त्याला ती दुसरी फट आठवली. दोन वर्षांपूर्वीची. लाकडवाल्याच्या गाडीला गिअरबॉक्स चढवतानाही अशीच राहिली होती, बोटभर. तीही त्याने ओढून मिटवली होती. आवाज आला होता की नाही, कोण जाणे, त्या दिवशी आरा मशीनचा गलका मोठा होता. गाडी तेव्हाही अशीच रिकामी घरघरली होती. आणि रस्त्यावर तो तमाशा चालू असताना प्रशिक त्याच्याजवळ आला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी कानाशी येऊन त्याने विचारलं होतं, "बाबा, ओढून बसवला होता का?"

बस, एवढंच. दोन वर्षं नत्थू ज्याला तोंड वर करून बोलणं म्हणत आला, ते एवढंच होतं. मान खाली घालून, हळू आवाजात विचारलेला एक प्रश्न. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. लाकडांच्या बाजारात जन्म काढूनही ही म्हण आपल्यासाठी आहे, हे नत्थूला आज कळलं. त्याने ग्राइंडर बाकावर परत ठेवला आणि चाकाचे तुकडे उचलले.

"मला कारणं नकोत!" डॉक्टर आत आलीच. "तीन तास आधी फोन केला तर तुमचा पुण्याचा शेठ म्हणतो उघडून बघतोय. बघितलं का? काय निघालं?"

नत्थू उठून उभा राहिला. त्याच्या तळहातावर तीन तुकडे होते.

"डॉक्टरबाई, त्या शेठले फोन लावा. माल चांगला होता. मी फोडला."

मेघा जागच्या जागी थांबली.

"सकाळी तर तुम्ही म्हणालात—"

"सकाळी खोटं बोललो. चढवताना फट राहिली होती, मी जबरदस्तीनं ओढून मिटवली. त्यानं चिठ्ठी लिहून पाठवली होती, ओढू नका म्हणून. मी वाचली नाही."

"का नाही वाचली?"

"त्याचं अक्षर होतं म्हणून," नत्थू म्हणाला. "पोरगा आहे माहा तो."

डॉक्टर चिन्मयीने त्याच्याकडे पाहिलं. तिला कीव आली असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. वीस दिवस बसमध्ये ताठ पाय घेऊन फिरलेल्या बाईकडे कीव शिल्लक नसते. "तुम्ही एका माणसाची नोकरी घालवत होतात आणि माझ्या तोंडून घालवत होतात," ती म्हणाली. "लाज वाटायला हवी." मग तिने शेठला फोन लावला, झाला प्रकार सांगितला, सकाळच्या शब्दांबद्दल माफी मागितली आणि फोन नत्थूच्या पुढे धरला. नत्थूने तेच पुन्हा सांगितलं, एकेक शब्द, काही न गाळता. शेठने चांगलं ऐकवलं. नत्थूने सगळं ऐकून घेतलं. समोरच्या आरा मशीनवर माणसं उभी होती, वीस नसतील, पण दहा-बारा होती.

मग मेघाने आपला फोन लावून त्याच्या हातात दिला. या वेळी ऑइलच्या डब्याला टेकवला नाही.

"प्रशिक," नत्थू म्हणाला. दोन वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडातून जड निघालं. "पंप फुटला. माह्या हातून."

"शेठ आत्ताच बोलले," प्रशिक म्हणाला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"अन ते लाकडवाल्याची गाडी. तवा बी मीच."

"माहीत आहे मले."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. त्या लांब बोल्टायवर ताजं तेल होतं, बाबा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"वीस माणसायसमोर बापाले खोटं पाडू?" प्रशिकचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि चढला तो चढलाच. "वाटलं, लोक गेले की तुम्ही सोताच समजान. घरात बसून बोलू. तुम्ही तं त्याच वीस माणसायसमोर मले हाकललं! मी तुमची लाज झाकली, अन तुम्ही माही काढली. दोन साल एक फोन नाही. आईसंग बोलू तं मागून टीव्हीचा आवाज मोठा करता. आज बी डॉक्टरबाईले म्हटलं ना, कोणी लागत नाही म्हणून? मेघानं सांगितलं मले."

"म्हटलं," नत्थू म्हणाला.

मागच्या खोलीचा पडदा सरकला होता. मीराबाई दारात उभी होती आणि या वेळी आत गेली नाही.

"मी येतो पुण्याले," नत्थू म्हणाला. "उद्याच्या गाडीनं. तुले घ्याले येतो."

"नका येऊ."

"प्रशिक—"

"नका येऊ म्हटलं ना, बाबा. माही नोकरी आहे इथं, आज वाचली ते पुरे. घरी याचं तवा मी येईन, कोणी घ्याले आलं म्हणून नाही." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आवाज खाली आणला, कारखान्यात एखाद्या नव्या माणसाशी बोलावं तसा. "नवा पंप आज रात्रीच्या ट्रान्सपोर्टनं टाकतो. गिअरबॉक्स मेघा उघडन, मेघाच बांधन, अन मेघाच चढवन. मी फोनवर राहीन. तुम्ही हात लावाचा नाही. डॉक्टरबाईची गाडी आहे, पुन्हा फुटाले नको. ऐकलं का?"

मेघाने बापाकडे पाहिलं. या गॅरेजात पस्तीस वर्षांत नत्थू मिस्त्रीला असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तो माणूस रस्त्यावर गेला असता.

"ऐकलं," नत्थू म्हणाला. "नाही लावत."